नायकाला आधीच शहाणं करू नका

किशोरांसाठी कादंबरी लिहायला बसलेल्या सगळ्यांना एक विनंती आहे. तुम्ही शिक्षक असाल, नातवंडांसाठी लिहिणारे आजी-आजोबा असाल किंवा स्वतःच अजून कॉलेजात असाल. तुमच्या चौदा-पंधरा वर्षांच्या नायकाला पहिल्याच प्रकरणात प्रामाणिक, कष्टाळू, धाडसी आणि थोरामोठ्यांचं ऐकणारा करून ठेवू नका. असा मुलगा पुढे दोनशे पानांत जाणार कुठे? लेखकाच्या हाती मग एकच काम उरतं, शेवटी त्याचा सत्कार करायचं.

धाडसाचंच बघा. फुरसुंगीचा बनेश फेणे मला आजही प्रिय आहे. भा. रा. भागवतांनी त्याला एकातून दुसऱ्या भानगडीत नेलं आणि दर वेळी तो 'ट्टॉक' करून जसाच्या तसा बाहेर आला. मालिकेत ते शोभून दिसतं, कारण पुढच्या पुस्तकात वाचकाला तोच फेणे हवा असतो. एकाच कादंबरीत मुलगा वाढताना दाखवायचा असेल तर मात्र धाडसावर भागत नाही. त्याच्या स्वभावात असं काहीतरी हवं, ज्यापायी तो स्वतःच गोत्यात येईल.

'लिटल विमेन'मधली ज्यो घ्या. लुइझा मे अल्कॉटची ही कादंबरी १८६८ची. शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे ती आपल्याकडेही घरोघरी पोचली. पंधरा वर्षांची ज्यो भडक डोक्याची आहे. धाकटी ॲमी रागाच्या भरात तिच्या गोष्टींची वही जाळते. ज्यो माफ करत नाही. दुसऱ्या दिवशी दोघी गोठलेल्या नदीवर जातात. मधला बर्फ कच्चा आहे, हे ज्योला कळलेलं असतं, मागून येणाऱ्या ॲमीला नसतं. ज्यो गप्प राहते आणि ॲमी बर्फ फुटून पाण्यात पडते. ती वाचते खरी, पण ज्योला स्वतःची भीती वाटते. त्या रात्री आई तिला उपदेश करत बसत नाही. आपल्यालाही जवळजवळ रोज राग येतो, एवढं ती कबूल करते. ज्योचा राग काढून टाकला तर हे प्रकरणच उरत नाही. आणि ज्या तीव्रतेने ती रागावते, त्याच तीव्रतेने ती लिहिते. दोन्ही एकाच पोतडीतून येतं.

मुलींच्या बाबतीत हे जरा जोर देऊन सांगतो. आपल्याकडच्या किशोर-कादंबऱ्यांत मुलगी आली की ती समंजस असते, नाहीतर सोसणारी. तिलाही राग, हट्ट, हेवा यांतलं काही द्या की.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा गुण म्हणजे लाज वाटणं, आणि तीही उशिरा. मार्क ट्वेनचा हकलबेरी फिन तेरा-चौदा वर्षांचा, शाळेला कंटाळलेला, थापा मारण्यात पटाईत. गुलामीतून पळालेला जिम आणि तो तराफ्यावरून मिसिसिपी नदीने निघालेत. धुक्यात दोघांची चुकामूक होते. हक परत येतो तेव्हा जिमला भरून येतं, आणि हा पठ्ठ्या त्याला पटवतो की, धुकं वगैरे काही नव्हतंच, तुला स्वप्न पडलं. तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडलेलं वल्हं पाहून जिमला थट्टा कळते. तो हकला मोजक्या शब्दांत सुनावतो आणि आत निघून जातो. गोऱ्या मुलाने काळ्या गुलामाची माफी मागायची, हे हकच्या जगात कुणी ऐकलेलंही नसतं. मनाची तयारी करायला त्याला पंधरा मिनिटं लागतात. मग तो जातो. ती पंधरा मिनिटं ट्वेनने लपवली नाहीत, म्हणून त्या माफीवर आपला विश्वास बसतो.

पुढे जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र हक लिहितो आणि फाडून टाकतो. तेव्हाही गुलामी वाईट, असा काही साक्षात्कार त्याला झालेला नसतो. उलट आपण पाप करतोय, आता नरकातच जाणार, अशी त्याची खात्री असते. डोक्यातले विचार जुनेच आहेत, पण जिमशी दगाबाजी करवत नाही. नवशिके लेखक इथे नायकाला समतेवर भाषण करायला लावतात. कृपा करून लावू नका.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'तली आई आपल्या लक्षात राहते. पण पोहायला जायचं टाळण्यासाठी लपून बसणारा, आईच्या हातचा मार खाणारा श्यामही त्याच पुस्तकात आहे. तो भित्रा आहे म्हणून ते प्रकरण आहे.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तला नववीतला मुकुंद जोशी आणखी वेगळा. त्याच्याकडे राग नाही, मोठं धाडस नाही. त्याच्याकडे नजर आहे. वर्ग, मास्तर, मित्र, त्याला आवडणारी शिरोडकर, घरात बोलली जाणारी आणीबाणी, सगळं तो टिपतो आणि त्यातलं बरंचसं त्याला कळत नाही. दिसतं जास्त आणि उमगतं कमी, या अंतरातच तो वाढतो. त्याचा नरूमामाही बघा. तो भाच्याची थट्टा करतो, बरोबरीच्या नात्याने बोलतो, निर्णय मात्र मुकुंदचे मुकुंदलाच घ्यावे लागतात. तुमच्या कादंबरीत शहाणा काका, प्रेमळ बाई किंवा निवृत्त मास्तर असतील तर त्यांची उपदेशाची पानं एकदा झाकून वाचा. त्यांच्याविना नायकाचं पाऊल पुढे पडत नसेल, तर वाढलेत ते काका.

आजचा नायक मोबाईल वापरेल, क्लासला जाईल, ग्रुपवर कुणाची तरी टिंगल करेल. करू द्या. फक्त टिंगल केल्यावर लगेच पुढच्या परिच्छेदात त्याला रडवू नका. आधी त्याला समर्थन करू द्या, दुसऱ्यावर ढकलू द्या, जेवताना आईवर उगाच खेकसू द्या.

हस्तलिखित तयार असेल तर आज एवढंच करा. नायक कुणाची तरी माफी मागतो ते पान काढा. चूक आणि माफी यांच्यामध्ये किती ओळी आहेत ते मोजा. दोन-तीनच निघाल्या तर पुढचं काही लिहू नका, आधी ती जागा वाढवा.