दुर्मीळ मासा दिवाणखान्यात कशाला?

कोकणात आखातातला पैसा आला, मागोमाग पर्यटन आलं, आणि दिवाणखाना सजवण्याच्या तऱ्हाही बदलल्या. झुंबर झालं, सागवानी झोपाळा झाला, आता काचेच्या पेटीतला समुद्र. गोल्डफिशवर हौस भागत नाही. खाऱ्या पाण्याची रीफ टँक हवी, तिच्यात प्रवाळ हवं, आणि त्या प्रवाळावर शेजाऱ्याकडे नसलेला मासा हवा. मालगुंडच्या गायवाडी किनाऱ्यावर समुद्र दारात फुकट पसरलेला असताना तो विकत आणून घरात ठेवायचा, ही हौस वरवर निरुपद्रवी दिसते. ती तशी नाही.

या मंडळींचा एक लाडका मासा म्हणजे रॅस. प्रवाळावर राहणाऱ्या माशांचं हे मोठं कुळ, पाचशेहून अधिक जातींचं. त्यातले ‘फेअरी रॅस’ बोटभर लांबीचे, पण रंग असे की कापडवाल्याने हात टेकावेत. यांचा संसारही न्यारा. एक नर, भोवती अनेक माद्या. बहुतेक जातींत जन्माला येते ती मादी, आणि नर गेला की तिच्यातलीच एखादी थोरली नर होते. सगळ्यांत भडक रंग त्या नराचे. साहजिकच बाजाराला हवा असतो तोच. पकडणारा टोळीचा कर्ता उचलतो. आणि हा कर्ता काचेत एकटा पडला, समोर ना मादी ना प्रतिस्पर्धी, की त्याचा रंग हळूहळू फिका पडतो. ज्या रंगासाठी पैसे मोजले, तोच कैदेत टिकत नाही.

माझं भांडण ‘दुर्मीळ’ या शब्दाशी आहे. मासा दुर्मीळ का असतो? एक तर तो खोल पाण्यात राहतो. किंवा जगात मोजक्या बेटांभोवतीच सापडतो, जसा मार्शल बेटांचा ऱ्हॉम्बॉइड रॅस. नाहीतर मुळातच संख्येने थोडा असतो. यातलं प्रत्येक कारण तो मासा जिथे आहे तिथेच राहू द्यावा असं सांगतं. खोलातून झटकन वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि कधी सुई टोचून ती हवा काढावी लागते. बाजार मात्र याच कारणांना किमतीची चिठ्ठी लावतो. जितका मासा कमी, तितका भाव जास्त; जितका भाव जास्त, तितका शेवटच्या माशामागे लागणारा माणूस चिवट.

मालदीवचंच उदाहरण घ्या. तिथे ४० ते ७० मीटर खोलीवर गुलाबी रंगाचा एक फेअरी रॅस राहतो. त्याचे नमुने १९९०च्या दशकात हाती आले होते, पण तो दुसऱ्याच जातीचा मोठा झालेला मासा समजला गेला. २०२२मध्ये अहमद नजीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतंत्र जात असल्याचं सिद्ध केलं आणि धिवेही भाषेतल्या गुलाबावरून त्याला ‘फिनिफेन्मा’ नाव दिलं. मालदीवच्या संशोधकाने आपल्याच समुद्रातल्या माशाला नाव देण्याची ही पहिलीच वेळ. अभिमानाचीच गोष्ट. पण हा मासा बारशाच्या आधीच शौकिनांच्या बाजारात विकला जात होता. तो सध्या संकटात नाही, असं संशोधकांनीच म्हटलं आहे आणि ते मान्य करायला हवं. तरी क्रम पाहा: आधी विक्री, मग नाव, आणि मोजदाद झालीच तर त्यानंतर. ज्याला नावच नाही, त्याची मर्यादा कोण ठरवणार?

दुसरा मासा दुर्मीळ नाही, पण त्याची कथा याहून बोचरी आहे. सफाई करणारा निळा-काळा रॅस इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. मोठे मासे त्याच्यापुढे रांग लावतात. ऑस्ट्रेलियात लिझार्ड बेटाजवळच्या काही लहान प्रवाळांवरून हे मासे साडेआठ वर्षं हटवून पाहिले, तेव्हा तिथले इतर मासे संख्येने घटले आणि काहींची वाढही खुंटली. २०१९मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हा मासा आरशात पाहून स्वतःच्या गळ्यावरचा डाग घासून काढायचा प्रयत्न करतो. असा मासा घरच्या पेटीत चार-पाच सोबत्यांबरोबर ठेवला, की त्याच्या पोटाला पुरेसं मिळत नाही. पुष्कळदा तो दुसरं काही खायला शिकत नाही आणि पाण्यात अन्न तरंगत असताना उपाशी मरतो. मांजर बांधून ठेवणाऱ्या, तिला खायलाही न देणाऱ्या आणि सोडूनही न देणाऱ्या बाईची हदीस आपल्या घराघरांत लहानपणी सांगतात. ती फक्त मांजरापुरती आहे का?

तुम्ही म्हणाल, ताटात बांगडा चालतो, मग पेटीतल्या माशाचा एवढा कळवळा कशाला? प्रश्न रास्त आहे. बांगडा आणि तारली थव्यांनी येतात, लवकर वयात येतात, दर वर्षी किती मासळी किनाऱ्याला लागली याची नोंद होते, जून-जुलैत बंदी असते. मिरकरवाड्याच्या दालदी खलाशाचं घर त्यावर चालतं. तिथेही गैरप्रकार आहेत आणि त्यांच्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण भूक आणि मिरवणूक यांना एकाच तराजूत घालणं हा वाद नव्हे, पळवाट आहे.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: या व्यापारावर बेटांवरच्या गरीब पाणबुड्यांची पोटं भरतात. भरतात, खरं आहे. पण फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून मासे गुंगवायला सायनाइड फवारलं गेलं. त्याने प्रवाळ मेलं आणि उद्याची पोटंही तिथेच मारली गेली. गरिबाचं नाव पुढे करणाऱ्याने आपला मासा जाळ्याने धरला की विषाने, हे दुकानदाराला कधी विचारलं आहे का?

आता आपल्या अंगणात या. आपल्या देशात कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणच्या समुद्रातून पेटीसाठी तुकडा तोडून आणणं हा गुन्हा आहे. शिवाय रीफ टँक म्हणजे चोवीस तास पंप आणि मे महिन्यात पाणी थंड ठेवणारं यंत्र. पावसाळ्यात कोकणातली वीज कशी वागते हे इथल्या माणसाला सांगायला नको. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. दाट भरलेल्या पेटीतले मासे पंपाशिवाय काही तासांतच तडफडू लागतात.

मी हौसेच्या विरोधात नाही. घरात मासा हवाच असेल, तर माणसाने वाढवलेला आणा. मंडपमच्या सरकारी संशोधन केंद्रात विदूषक माशाच्या अनेक जातींची पैदास झाली आहे. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही हे काम चालतं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर महिलांनी शोभेच्या कोळंबीचं संगोपन सुरू केलं आहे. बाजारातले रॅस मात्र जवळजवळ सगळेच समुद्रातून पकडलेले असतात. दुकानात गेल्यावर एवढंच विचारा: हा मासा कुठे जन्मला, कसा धरला, काय खातो? उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत या.

मालगुंडला प्राणीसंग्रहालय उभारायची घोषणा झाली आहे, रत्नागिरीत संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहेच. शाळेची पोरं जिथे रांगेने जाऊन पाहतात, अशा एका चांगल्या पेटीसाठी पैसे आणि आग्रह दोन्ही खर्च करू या. आणि दुर्मीळ मासा आपल्याकडे आहे असं सांगण्यापेक्षा, परवडत असूनही आपण तो घेतला नाही, हे सांगण्यात खरी ऐट आहे.