शरीर 'कमवायचं' त्याने, 'उतरवायचं' तिने?



दिघीत राहणाऱ्या बाईला लष्कर नवीन नाही. आजूबाजूला लष्कराच्या जमिनी, कुंपणं, संस्था. नवीन आहे ते हे, की आता दत्तगडाच्या वाटेवर पहाटे पोरीही धावताना दिसतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला फौजेत जायचंय. या पोरींशी माझं रोजचं बोलणं आहे, आणि त्यांच्या तयारीच्या नावाखाली जे चाललंय त्यावर मला भांडायचं आहे.

त्यांना पहिला हुकूम मिळतो, "आधी वजन उतरव." शिकवणारे सर सांगतात, घरची माणसं सांगतात. मग पोरगी सकाळी नुसत्या चहावर धावते, दुपारी एक पोळी खाते, रात्रीचं ताट बंद. त्याच घरात भरतीची तयारी करणाऱ्या भावाला अंडी, दूध, केळी. त्याला शरीर कमवायचं असतं, तिला उतरवायचं. भाषाच बघा ना, किती उघडी आहे!

आता कसोटी काय मागते ते पाहू. महाराष्ट्र पोलिसांची शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीला १५. म्हणजे ३० गुण ताकदीचे आणि झपाट्याचे! लष्करी पोलीस दलात बायांची जवान म्हणून भरती २०१९ साली सुरू झाली. तिथे १.६ किलोमीटर धावण्याबरोबर १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी मारावी लागते. उपासाने गोळा लांब जातो का? उडी उंच जाते का?

दम बायांना नवा नाही. आषाढीच्या वारीत साठी उलटलेल्या बाया आळंदीहून निघून याच दिघीवरून एका दिवसात पुणं गाठतात. कमी पडते ती दंडा-मांड्यांतली ताकद, कारण ती कमवूच दिली जात नाही. "जोर-बैठका मारून पुरुषासारखी दिसशील, मग लग्न कोण करेल?" वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. उपाशी पोरीची चरबी जाते तसे स्नायूही जातात. काटा खूश, पोरगी मैदानात मागे.

आणि चरबी म्हणजे पाप नव्हे. शरीराचं काम नीट चालायला बाईला सुमारे १२ टक्के चरबी लागतेच, पुरुषाला सुमारे ३ टक्के. धावणं वाढलं आणि खाणं घटलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक तडे जातात. पाळी बंद झाली म्हणजे मेहनत फळली, असं मानणाऱ्या पोरी मला भेटतात. ती मेहनतीची पावती नव्हे, धोक्याची घंटा आहे. त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी. रक्त नसेल तर दम येणार कुठून?

मोजपट्टी कुणाची, हा प्रश्न वरच्या पदांवरही आहेच. लष्कराने बाई अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं कायम नियुक्ती नाकारली. २०२० च्या निकालानंतर ती द्यायची वेळ आली, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या बायांना अशी वैद्यकीय कसोटी लावली, जी पुरुषांनी नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी, तरुणपणी दिली होती. २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला.

पद्धत बदलता येते. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात १९९० च्या दशकात शिकाऊ मुलींच्या कमरेच्या हाडांना तडे जात होते. तिथे कूच करण्याचा वेग ताशी ७.५ किलोमीटरवरून ५ वर आणला, प्रत्येकीला आपल्या पावलाने चालू दिलं. तडे जवळजवळ थांबले. दोष पोरींच्या शरीरात नव्हता, शिकवण्यात होता.

काही मैत्रिणी विचारतात, आपण युद्धाच्या विरोधात, मग फौजेत जाणाऱ्या पोरींची वकिली कशाला? तो वाद जरूर घालू. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, पुढे जास्तीत जास्त चौघांतल्या एकालाच कायम करणार, हेही पोरींना सांगू. पण चाकण-भोसरीच्या कंत्राटी कामापेक्षा वर्दी बरी, असं जिने ठरवलंय तिला उपाशी ठेवून आपला वाद जिंकला जात नाही.

तेव्हा आपल्या गटांनी हे करावं. सराव सुरू होण्याआधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आठवड्यातले दोन-तीन दिवस बैठका, जोर, वाळूची पिशवी उचलणं आणि गोळा यांसाठी ठेवावेत. इतर दिवशी धावावं, त्यातलं बरंचसं बोलता येईल इतक्या वेगाने, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. वजन खरंच जास्त असेल तर ते भरतीच्या कितीतरी महिने आधी, हळूहळू उतरवावं. शेवटच्या महिन्यात उपास नकोच. पाळी चुकत राहिली तर डॉक्टरीण गाठावी. आणि घरोघरी जाऊन आयांशी, वडलांशी बोलावं, की भावाच्या ताटात जे अंडं, जी उसळ, जे शेंगदाणे पडतात, ते तिच्याही ताटात तेवढेच पडले पाहिजेत.

वर्दी मिळो न मिळो, हे ताट तिचं आहे. ते मागायला भरतीची जाहिरात निघायची वाट कशाला बघायची?