पुठ्ठ्यावरचे हॅनोवर

अनोळखी मोटारचालकांकडे लिफ्ट मागत लांबचा पल्ला गाठणे, म्हणजेच हिचहायकिंग, यासाठी रस्त्याकडेला धरायची पाटी कशी असावी याविषयीच्या सल्ल्यांना सुट्टीच्या तोंडावर ऊत आला असून, पाटीवर विनोद लिहावा, हसरा चेहरा काढावा, अक्षरांभोवती रंगीत महिरप आखावी, असे बहुतेक सल्लागार हिरिरीने सांगत आहेत. पाटी वाचणाऱ्याचे हात स्टिअरिंगवर आणि अर्धे लक्ष आरशात असते, हे या मंडळींच्या गावीही नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. पाटी वाचणे, मनाशी ठरवणे आणि गाडी बाजूला घेणे यांना पाच-सहा सेकंद धरले, तर ती ९० मीटरांवरून वाचता आली पाहिजे. अक्षराच्या दर इंच उंचीमागे ३० फुटांवरून वाचता येते, हा अमेरिकी रस्ताफलकांच्या नियमपुस्तिकेतील हिशेब लावल्यास अक्षर जवळपास २५ सेंटीमीटर उंच हवे, आणि ४२ सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्यावर अशी दोनच अक्षरे कशीबशी मावतात. शिवाय मार्करची एक रेघ इतक्या मोठ्या अक्षरात केसासारखी दिसते. म्हणून आधी बाह्यरेषा आखून दोन बोटे जाडीचा आतला भाग काळा भरावा लागतो. महिरपीला जागा उरते ती एवढीच.

जर्मनीतील लिफ्टवाल्यांनी हा पेच मोटारींच्या नंबरप्लेटकडे पाहून सोडवला. तेथे नोंदणी क्रमांकाच्या आरंभी शहराचे किंवा जिल्ह्याचे लघुरूप असते, जसे बर्लिनला ‘बी’, कोलोनला ‘के’, आणि चालकांना ते पाठ असल्यामुळे पुठ्ठ्यावर एक-दोन अक्षरे पुरतात. कोलोनहून बर्लिनला निघालेला जाणता प्रवासी तर वाटेवरच्या हॅनोवरचे ‘एच’ लिहितो, कारण शेवटचा मुक्काम वाचून तेवढ्या लांब न जाणारा चालक पाय ब्रेककडे नेतच नाही. मात्र हॅम्बर्ग हे मध्ययुगीन व्यापारी नगरांच्या ‘हान्सा’ संघातले शहर असल्याचा मान मिरवत ‘एचएच’ लावते, त्यामुळे हौसेने एक ‘एच’ जास्त काढणारा दीडशे किलोमीटरांनी भरकटू शकतो. आणि ऑटोबानवर, म्हणजे तेथील द्रुतगती महामार्गावर, पायी उभे राहण्यास बंदी असल्याने पाटी धरायची ती पेट्रोलपंपाच्या किंवा विश्रांतिस्थळाच्या आवारात, जेथे गाड्या मुळातच रेंगाळतात.

‘एमएच-०९ पासिंग’ म्हटले की कोल्हापूर, हे महाराष्ट्रातले शेंबडे पोरही सांगते. तरीही ही युक्ती येथे कोणी पुठ्ठ्यावर उतरवलेली दिसत नाही. देवनागरीला तिची गरज अधिक आहे, कारण वेलांटी, मात्रा वर आणि उकार खाली जागा मागत असल्याने ‘कोल्हापूर’मधल्या मूळ अक्षराच्या वाट्याला पुठ्ठ्याची अर्धी उंचीही येत नाही.

अक्षरांपेक्षा महिरपीला जास्त जागा देण्याचा कळस म्हणजे आपल्याकडचे फ्लेक्स, आणि त्यांच्याशी या सदराचे वैर जुनेच आहे. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मध्यभागी उत्सवमूर्ती, तिच्या डोक्यावर तिच्याहून थोर मंडळी, पायथ्याशी गॉगल लावलेल्या पंचवीस-तीस शुभेच्छुकांची चळत, आणि या सर्वांतून उरलेल्या पट्टीत सोनेरी कडेची, पिवळ्यावर लाल, सावली पाडलेली अक्षरे अशी रचना असते. फ्लेक्सच्या मागे झाकला गेलेला दिशादर्शक फलक मात्र साध्या, जाड अक्षरांचा असतो. वाचता येण्याजोगे वाचता न येण्याजोग्याने झाकायचे, या कामी एवढा संघटित उत्साह अन्यत्र क्वचितच आढळेल. शिवाय वाढदिवस सरून गेला तरी फ्लेक्स हलत नाही आणि परगावच्या चालकाला त्याच चौकात पानपट्टीवाल्याकडे रस्ता विचारावा लागतो.

पुन्हा लिफ्टच्या पाटीकडे वळायचे, तर नेदरलँड्समध्ये काही शहरांच्या वेशीवर ‘लिफ्टप्लात्स’, म्हणजे लिफ्ट मागण्याच्या ठरवून दिलेल्या जागा आहेत व तेथे अंगठ्याचे चित्र असलेला फलक असतो. पोलंडमधील साम्यवादी राजवटीने १९५८ मध्ये याहूनही पुढची मजल मारली: प्रवाशाने कूपनांची पुस्तिका विकत घ्यायची, रस्त्यावर ती उंच धरायची आणि गाडीत घेणाऱ्या चालकाला अंतरानुसार कूपने फाडून द्यायची. चालकांनी जमवलेल्या या कूपनांवर बक्षिसे असल्यामुळे पुस्तिका हेरण्याची गरज प्रवाशाइतकीच चालकालाही होती.