सहलीत आईलाही सुट्टी हवी



मोबाईल उघडला की हल्ली अंदमान, मालदीव, बाली यांच्या जाहिराती दिसतात. निळं पाणी, माडाची झाडं, आरामखुर्चीत बसलेले आईवडील आणि वाळूत खेळणारी दोन मुलं. आपल्या वस्तीत ही जाहिरात बोटाने वर सारली जाते, कारण ती आपल्यासाठी नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. मालदीव आपल्यासाठी नसेल, पण बेट आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे आणि सुट्टी कायद्यात आहे. आरोग्याच्या पानावर सहलीचं काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

बोईसर-तारापूर पट्ट्यात आपली माणसं कशी राबतात ते वेगळं सांगायला नको. केमिकल, डाईंग, औषधं, लोखंड. बारा तासांची पाळी आणि बदलीचा माणूस आला नाही की डबल. आठवड्याचे सहा दिवस बारा तास धरले तर बहात्तर तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास जाहीर केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यात निघालं. आपण ५५ कधीच ओलांडले आहेत. त्यात इथली हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा नंबर पहिला होता. ज्या घरात चाळिशीतच बीपीची गोळी सुरू झाली आहे, त्या घराला विश्रांती म्हणजे चैन वाटते, हे आम्हाला पटत नाही.

तरीही आपली घरं बाहेर पडतात कधी? सहा डिसेंबरला चैत्यभूमी, जमलं तर दीक्षाभूमी, बाकी गावाकडचं लग्न नाहीतर मयत. यात कमी-जास्त लेखण्याचा प्रश्न नाही. पण रांगेत रात्र काढणं किंवा मयताला एसटीने उभ्याने जाऊन दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर होणं, याला शरीर विश्रांती म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही विहारातल्या काही घरांनी पहिल्यांदा सहल काढली. एका समुद्रकिनाऱ्यावर गेलो. टेम्पोत पातेली, तांदूळ, कोंबडी, सरपण सगळं घेतलं होतं. पोचल्या पोचल्या बायकांनी तीन दगडांची चूल मांडली आणि चाळीस माणसांचा स्वयंपाक सुरू केला. पुरुष आणि पोरं पाण्यात. वाऱ्याने धूर डोळ्यांत, भातात वाळू. जेवणं झाल्यावर भांडी, ती झाल्यावर चहा. एक मावशी दिवसभर सामानापाशी बसून होत्या. आम्ही म्हटलं, "मावशी, उठा ना, पाण्यात पाय तरी भिजवा." तर म्हणाल्या, "जा रे पोरांनो, सामानाजवळ कोणीतरी पाहिजे ना!" बावीस वर्षं त्या या पट्ट्यात राहतात. समुद्र त्यांनी त्या दिवशी पाहिला तो धुरातून.

संध्याकाळी आणखी एक प्रकार घडला. आमच्यातलेच दोन तरुण बाटली संपवून आत शिरले आणि ओढीत सापडले. कोळी बांधवांची नाव जवळ होती म्हणून आज ते आपल्यात आहेत. परतताना टेम्पोत कोणी गाणं म्हटलं नाही. पंचशीलातलं पाचवं शील विहारात म्हणायचं आणि किनाऱ्यावर विसरायचं, ही आमचीच चूक होती. ती इथे लिहायला आम्हाला संकोच वाटत नाही, कारण दरवर्षी कोणत्या ना कोणत्या किनाऱ्यावर अशी घरं उद्ध्वस्त होतात.

घरी आल्यावर बायकांनीच विषय काढला: "ही सहल कोणाची होती?" प्रश्न बरोबर होता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. पुरुषाची ८८ मिनिटं, तीही जे करतात त्यांचीच. सहलीच्या दिवशी आम्ही हा आकडा आणखी वाढवला होता.

म्हणून या जानेवारीत अर्नाळ्याला गेलो तेव्हा दोन नियम आधीच ठरले. किनाऱ्यावर चूल पेटणार नाही आणि दारू येणार नाही. डबे पुरुषांनी भरायचे, सामानाची राखणही पाळीपाळीने त्यांनीच करायची. चपात्या विकत घेतल्या, बटाट्याची सुकी भाजी पुरुषांनी केली, अंडी उकडली. भाजीत मीठ इतकं पडलं होतं की पाण्याचे कॅन दुपारीच संपत आले. पण कोणी तक्रार केली नाही, निदान मोठ्याने नाही.

जवळचं नवापूर सोडून इतक्या लांब का, असं काहींनी विचारलं. नवापूरच्या समुद्रात एमआयडीसीचं सांडपाणी पाइपातून सोडतात. आठवडाभर ज्याच्यात राबायचं त्याच्यातच रविवारी मुलांना डुंबायला कसं लावायचं? बोईसरहून सकाळची लोकल पकडून विरार, तिथून बसने अर्नाळा, मग नावेने बेट. नाव दहा-पंधरा मिनिटांत पोचते. नावेत चढायला गुडघाभर पाण्यातून जावं लागलं. मावशींना दोन पोरींनी दोन्ही हातांना धरलं. नाव हलली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. मध्यावर गेल्यावर उघडले आणि मग काही मिटले नाहीत.

बेटावर कोळ्यांची वस्ती आहे आणि किल्ला आहे. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. दरवाजावर वाघ-हत्ती कोरले आहेत, ते मुलांना फार आवडले. आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे. चारी बाजूंना खारट समुद्र आणि मधोमध गोडं पाणी, हे मुलांना पटेचना.

त्या तळ्याच्या काठावर बसून आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या सहलीची गोष्ट सांगितली. होय, बाबासाहेबही सहकाऱ्यांबरोबर सहलीला गेले होते. साल १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी हौसेने प्रवास आखला, तीसेक माणसं होती आणि मुख्य ओढ वेरूळच्या बौद्ध लेण्यांची. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. दाराशी पाण्याने भरलेलं तळं होतं, प्रवासाच्या धुळीने माखलेल्या लोकांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून तळं बाटवलं म्हणून ओरडा झाला आणि जमाव जमला. शेवटी आतल्या पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर किल्ला पाहायला मिळाला, तोही सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवलं आहे. आमची मुलं त्या वेळी अर्नाळ्याच्या तळ्याकाठी पाय सोडून बसली होती. एका मुलीने विचारलं, "मग ते वेरूळला गेले का?" सहल तशी वाया गेली नाही, एवढंच आम्ही सांगितलं. पण मुलं बराच वेळ गप्प होती.

विश्रांतीचा हक्कही त्यांनीच मिळवून दिला आहे, हे आपण कमी सांगतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाने कायद्यात दुरुस्त्या आणल्या. १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात वर्षाला २४० दिवस भरले की कामाच्या दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा अशी तरतूद आली, आणि त्यात ठेकेदारामार्फत लागलेला कामगारही धरला होता. २०२० च्या नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली आहे. आपल्यातले किती जण ही रजा मागतात? ठेकेदार म्हणतो खाडा केला की पैसे कापणार, आणि आपण मान खाली घालून ऐकतो. एकट्याने मागितली तर उद्या गेटवरून परत पाठवतील, ही भीती खोटी नाही. म्हणून रजेची मागणी एकाने नको, पाळीतल्या सगळ्यांनी मिळून, लेखी आणि युनियनच्या माणसाला बरोबर घेऊन करावी. हजेरीकार्डाची आणि पगारपावतीची प्रत घरी ठेवावी. दिवस मोजायला तीच लागते.

घरातल्या बाईसाठी मात्र असा कायदाच नाही. तिची रजा घरानेच मंजूर करायची आहे.

खर्चाचं म्हणाल, तर लोकल, बस, नाव आणि डबा मिळून एका घराला जेवढे पैसे लागले, त्यापेक्षा जास्त आपण बारशाच्या डेकोरेशनला देतो. जयंतीची वर्गणी कमी करा असं कोणी ऐकू नये, आम्ही ते म्हणत नाही. डीजेचं भाडं कमी करा, असं मात्र स्पष्ट म्हणतो. कानांच्या आरोग्यावर मागे लिहिलंच आहे.

आता जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. आपले कार्यक्रम पौर्णिमेला असतात म्हणून सहलही पौर्णिमेला काढू नका. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा समुद्र त्यामानाने शांत. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून नावाड्याला आदल्या दिवशी विचारा आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका. पावसाळ्यात जायचंच नाही.

नावेत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. नाव सुरू झाल्यावर जॅकेट शोधायला वेळ नसतो.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दम तिथेच संपतो. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर हात मारत ओढीच्या बाहेर या. दुसरा कोणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी टाकू नका. दोर, रिकामा बंद कॅन, साडी, जे असेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं हे सगळं बंद. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करायचा.

साखरेचा आजार असणाऱ्यांनी अनवाणी पाण्यात उतरू नये. तळपायाची जाणीव कमी झालेली असते, शिंपला कापला तरी कळत नाही आणि आठवड्याने जखम चिघळते. प्लास्टिकच्या पट्ट्याच्या चपला चालतात. विदर्भातून आलेल्या आपल्या काही घरांत सिकलसेल आहे. त्या मुलांना ऊन, तहान, दमणूक आणि गार पाण्यात फार वेळ राहणं या चारही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांना थोडं थोडं पाणी पाजत राहा, ओले कपडे लगेच बदला, आणि "थांब रे, सगळे खेळतायत" म्हणून रेटू नका. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रोजच्या गोळ्या वेगळ्या डबीत घ्या. आमच्यातले एक काका त्या घरी विसरले आणि दुपारभर सावलीत पडून राहिले.

मावशींचं राहिलं. दुपारी जेवणानंतर त्या माडाच्या सावलीत आडव्या झाल्या आणि झोपल्या. त्यांच्या सुनेने घड्याळ पाहिलं, दीड तास. तिने आम्हाला सांगितलं की लग्न होऊन अकरा वर्षं झाली, सासूबाईंना दिवसा झोपलेलं तिने एकदाच पाहिलं होतं, टायफॉइड झाला तेव्हा.

पुढची सहल घारापुरीची काढावी असं बऱ्याच जणांचं मत आहे. तिथे पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, बहुतेक लोक मोठी लेणी पाहून तिथूनच परततात. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा रविवारच धरू. पावसाळा संपल्यावर तारीख ठरेल. नावं विहारात वहीत लिहून द्यावीत. भाजी कोण करणार, तेही पुरुषांनी नावासमोरच लिहावं. मीठ या वेळी मावशी चाखून बघणार आहेत, पण आदल्या रात्री, घरीच.