मामा तलावांच्या पाळीला वाली कोण?

मा. मंत्री,
मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांतील सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलावांची, म्हणजेच मामा तलावांची, दुर्दशा विभागाला नव्याने सांगण्याची गरज नाही. हे तलाव मालगुजारांनी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांनी, आणि तलावबांधणीत निष्णात असलेल्या कोहळी शेतकऱ्यांनी बांधले. तलाव खासगी असले, तरी गावाचे निस्तार हक्क, म्हणजे घरगुती वापर व गुरांसाठी पाणी घेण्याचे हक्क, महसुली दफ्तरात नोंदलेले होते, आणि पाळ म्हणजे मातीचा बांध दुरुस्त ठेवण्यात गावाचे श्रम होते. मालकी हक्क रद्द करणाऱ्या 1950 च्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून बहुतेक तलाव शासनाकडे गेले. वहिवाटीच्या जमिनीतील तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, तेवढी खासगी राहिली. शासनाने मालकी घेतली, परंतु दरवर्षीच्या देखभालीची तेवढीच खंबीर व्यवस्था उभी केली नाही, आणि हाच मूळ अपराध आहे.

मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की माती वाहून जाऊन भगदाड पडते. म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, मोकळा असणे हा त्याचा प्राण आहे. पाळीवरची झाडे वाळली की कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून झिरपणारे पाणी मातीचे कण ओढून नेते आणि आतल्या आत नळीसारखी वाट पाडते. हे पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत दिसते, पण पाहणी करण्यास कोणता कायदा बांधील करतो? 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना तो 500 मीटर लांबी, 10 लाख घनमीटर साठा यांसारख्या अटींपैकी एखादी पूर्ण झाली तरच लागू होतो, आणि 10 मीटरपर्यंतच्या पाळीचा त्यात विचारच नाही. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे सोपवून शासनाचे उत्तरदायित्व संपत नाही.

2017 पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेने गाळ निघतो, हे मान्य. मात्र पाळ, सांडवा आणि पाटाची दुरुस्ती त्यामुळे होत नाही. परतीचा पाऊस हुकल्यावर धान दाणा भरण्याच्या वेळी जे पाणी लागते, ते फुटक्या तलावात उरत नाही.

विभागाने प्रत्येक तलावाची पाळ, सांडवा व साठा यांची नोंदवही ग्रामपंचायतीत उघडी ठेवावी, मृगापूर्वी पाहणी सक्तीची करावी, दुरुस्तीचा निधी वार्षिक अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली द्यावा, आणि खासगी बोड्यांच्या मालकांनाही तीच तांत्रिक मदत मिळावी.