यादीत नसलेली करवंद

सिंहगडाकडून कात्रजकडे जाणारी डोंगररांग धायरीला अगदी लागून आहे. २०१७ मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं आणि सोसायट्या उताराकडे सरकल्या. अशा जागी वृक्षारोपण ठरलं की खड्ड्यांच्या आधी करवंदीच्या जाळ्या ‘साफ’ होतात. त्यात एकट्या ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही. शहरी भागातल्या वृक्षतोडीला लागू असलेल्या १९७५ च्या कायद्याने झाडाची व्याख्या बुंध्यावर बेतली आहे. करवंदीला धड बुंधाच नाही, बुडातून फुटलेल्या काठ्या नुसत्या. त्यामुळे तोडताना ती मोजली जात नाही. तिच्या जागी लावलेल्या गिरिपुष्पाचं बिल मात्र निघतं. आणि गिरिपुष्प म्हणजे मेक्सिकोकडची उंदीरमारी!

एखाद्या जुन्या जाळीत जरा वाकून पाहा. जोडीजोडीने आलेले काटे, फांदी मोडली की टपकणारा पांढरा चीक, त्यामुळे गुरं-शेळ्या फारसं तोंड घालत नाहीत. आत बुलबुल बिनधास्त घरटं करतो आणि पिकलेली फळं खाऊन बी पार लांब टाकतो. उदमांजर, कोल्हाही याच फळांवर येतात. हबशी फुलपाखराच्या अळ्या पानांवर वाढतात. शिवाय पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेली बोर, कडुनिंबाची रोपं जाळीच्या आडोशाने वर येतात, म्हणजे काटेरी कुंपण आपण न लावता मिळतं. वणव्यात वरचा भाग जळाला तरी बुडातून पुन्हा फुटवे येतात. तेव्हा नवं झाड लावायचंच असेल तर जाळीच्या कडेला लावा, जाळी उपटून नव्हे.

आता आपल्या रोपवाटिकांच्या धंद्याचं. सिंहगडावर द्रोणातून विकली जाणारी काळी मैना सध्या भरात आहे आणि रोपवाटिकेसाठी हेच दिवस आहेत. करवंदीचं बी टिकत नाही. वाळवून डब्यात ठेवलं की उगवण झपाट्याने घटते. गर चोळून काढा, बी राखेने घासून चीक घालवा, सावलीत निथळवा आणि चार-आठ दिवसांत पेरा. पिशवी उंच घ्या, सोटमूळ खाली धावतं. पहिल्या वर्षी रोप फारसं हलत नाही. डोंगरावर दोन वर्षांचं रोपच द्यावं; घाईने दिलेलं पहिल्या उन्हाळ्यात जातं आणि नाव करवंदीचं खराब होतं.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही करवंदाची जात बागेसाठी उत्तम. पण उतारावर मोठं फळ नको, तिथलीच जात हवी. बी त्याच रांगेतून गोळा करा, मात्र जाळी ओरबाडून नाही. गोळा करणाऱ्या बायकांना नेहमीपेक्षा चार पैसे जास्त द्या, त्यांना चांगली जाळी कुठली ते ठाऊक असतं.

गिऱ्हाईक कुंपणाला ड्युरांटाच मागतं, ही तक्रार ऐकू येते. त्याच्या हातावर रोपाऐवजी दोन पिकली करवंदं ठेवा आणि आतून लाल म्हणजे कोंबडा की पांढरं म्हणजे कोंबडी, ते पाहायला सांगा. ज्यांच्याकडे स्थानिक बियांची दोन वर्षांची रोपं असतील त्यांनी संख्या आणि दर कळवावेत. जूनच्या अंकात यादी छापू.