आधी दाब मोजा, मग शस्त्रक्रिया
अमेरिकेची धावपटू मेरी डेकर हिच्या पोटऱ्यांवर १९७०च्या दशकात कंपार्टमेंट सिंड्रोमसाठी शस्त्रक्रिया झाली. १९८३ मध्ये हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत तिने १५०० व ३००० मीटरची सुवर्णपदके पटकावली. या विकारात धावताना फुगणाऱ्या स्नायूंभोवतीचे ताठर आवरण पुरेसे सैलावत नाही. आतला दाब वाढून वेदना खेळाडूला थांबवते. विश्रांतीने ती ओसरते, म्हणूनच निदान लांबते. आवरण छेदून स्नायूंना जागा करून देणे, हा शस्त्रक्रियेचा गाभा. मात्र नडगीलगतच्या पुढील कप्प्यात मिळणारे यश मागच्या खोल कप्प्यात तितके मिळत नाही. हाडातील सूक्ष्म भंगही अशाच वेदना देतो. त्यामुळे व्यायामानंतरचा दाब न मोजताच शस्त्र चालवणे म्हणजे खेळाडूची कारकीर्द पणाला लावणे होय.